टीएसएच वाढला, तर थायरॉक्सिनचा डोस वाढवण्याआधी बाकीच्या गोळ्या पाहा

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी एकत्र मांडतो. तुमच्या आईंचे वय ५८ असून त्या अनेक वर्षांपासून सकाळी उपाशीपोटी ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची गोळी, घेत आहेत आणि त्यांचा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक; शरीरात थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते) आजवर २ ते ३ च्या दरम्यान राहत आला आहे. हृदयाची झडप बदललेली असल्यामुळे त्या ॲसिनोकुमॅरॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळीही घेतात. चार महिन्यांपूर्वी गुडघेदुखी आणि अशक्तपणा यांसाठी त्यांना कॅल्शिअम व लोहाच्या गोळ्या आणि पित्तासाठी पँटोप्राझोल सुरू करण्यात आले. आता टीएसएच ९.८ आला आहे, डोस १०० मायक्रोग्रॅम करण्याचा सल्ला मिळाला आहे, आणि तो मानावा का व थायरॉक्सिनसोबत कोणती औषधे चालत नाहीत, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

माझे मत असे की डोस लगेच वाढवू नये. आधी गोळ्यांच्या वेळा बदलाव्यात आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे दाखवणारी तपासणी, मात्र याच आठवड्यात करून घ्यावा, त्यासाठी थांबू नये. हा क्रम तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांना कॅल्शिअम आणि लोहाच्या गोळ्यांची कल्पना नसण्याची शक्यता मोठी आहे, कारण त्या दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या आहेत आणि आपल्याकडे कॅल्शिअमला औषध समजून ते सांगण्याची पद्धतच नाही. ‘आणखी काही गोळ्या चालू आहेत का?’ असे विचारले की ‘नाही’ हे उत्तर येते. ‘ताकदीची, हाडांची, पित्ताची, केसांची गोळी घेता का?’ असे एकेक नाव घेऊन विचारले, की पिशवीतून तीन-चार पाकिटे निघतात.

थायरॉक्सिनचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या व मधल्या भागात, गोळी घेतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होते, आणि पोट रिकामे असतानाही गोळीतील साधारण ६० ते ८० टक्केच औषध रक्तात पोहोचते. आता प्रमाण पाहा. आईंच्या गोळीत औषध ७५ मायक्रोग्रॅम आहे, तर कॅल्शिअमच्या नेहमीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शिअम असते, म्हणजे वजनाने साडेसहा हजार पटींहून अधिक. हे कॅल्शिअम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवते आणि दोन्ही मिळून शरीराबाहेर जातात. लोहाचेही तसेच होते. या विषयावरील एक नेमका अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात थायरॉक्सिन घेणाऱ्या २० रुग्णांना त्या गोळीसोबतच रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम, कार्बोनेटच्या रूपात, तीन महिने दिले गेले. त्यांचा सरासरी टीएसएच १.६ वरून २.७ वर गेला, त्यांतील २० टक्के रुग्णांचा टीएसएच सामान्य मर्यादेबाहेर गेला, आणि कॅल्शिअम थांबवल्यावर सरासरी पुन्हा १.४ वर आली. डोस कोणाचाही कमी पडत नव्हता. तो आतड्यातच अडत होता.

हा परिणाम उशिरा लक्षात येण्याचेही कारण आहे. थायरॉक्सिनचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्यामुळे एक-दोन दिवस गोळी वाया गेली तरी काही जाणवत नाही. रोज थोडे थोडे औषध कमी पोहोचू लागले, तर पातळी आठवड्यामागून आठवडा हळूहळू उतरते आणि टीएसएच त्याच्याही मागून चढतो. म्हणून रुग्णाला वाटते की टीएसएच अचानक वाढला, आणि चार महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या गोळीचा संबंध कोणी लावत नाही.

कॅल्शिअम आणि लोह या दोन्हींपासून थायरॉक्सिनचे अंतर किमान चार तासांचे असावे. आईंसाठी मी असे सुचवीन: सकाळी उठल्यावर थायरॉक्सिन फक्त पाण्यासोबत, त्यानंतर पाऊण ते एक तासाने चहा व न्याहारी, कॅल्शिअम दुपारच्या जेवणासोबत, कारण कॅल्शिअम कार्बोनेट अन्नासोबतच चांगले शोषले जाते, आणि लोहाची गोळी संध्याकाळी, कारण कॅल्शिअम व लोह हेही एकमेकांच्या आड येतात. चहा-कॉफीची अट रुग्णांना सर्वांत जड जाते, हे मला ठाऊक आहे, पण कॉफीने शोषण घटते हे अभ्यासांतून दिसले आहे आणि आपल्या चहात दूध, म्हणजे पुन्हा कॅल्शिअम असते. ‘ड’ जीवनसत्त्वाची आठवड्यातून एकदा घ्यायची साठ हजार युनिटची गोळी किंवा पावडर थायरॉक्सिनला बाधत नाही. अडचण ‘ड’ जीवनसत्त्वासोबत कॅल्शिअम असलेल्या गोळ्यांची आहे, आणि पाकिटावर ‘डी-थ्री’ मोठ्या अक्षरांत असल्यामुळे लोकांची तेथे फसगत होते.

हाच चार तासांचा नियम आणखी अनेक गोष्टींना लागू होतो आणि त्यांतील बऱ्याच चिठ्ठीशिवाय मिळतात: ॲल्युमिनिअम व मॅग्नेशिअम असलेली पित्तशामक पातळ औषधे व चघळण्याच्या गोळ्या, लोह-कॅल्शिअम-जस्त असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, अल्सरसाठीचे सुक्रालफेट, मूत्रपिंडाच्या रुग्णांना फॉस्फेट कमी करण्यासाठी दिले जाणारे सेव्हेलामर, कोलेस्टेरॉलसाठीचे कोलेस्टायरामिन. इसबगोल आणि सोयाबीनपासून बनवलेली प्रथिनांची पावडर यांनीही शोषण घटू शकते. आयुर्वेदिक औषधांबद्दल हमखास विचारले जाते, म्हणून सांगतो: शंखभस्म व प्रवाळ ही कॅल्शिअमची, तर लोहभस्म व मंडूरभस्म ही लोहाची रूपे आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबतही तेवढेच अंतर ठेवणे शहाणपणाचे आहे. अश्वगंधेचा प्रश्न वेगळा आहे; ती घेणाऱ्या काही रुग्णांत थायरॉइडची पातळी वाढून धडधड व वजन घटणे अशा तक्रारी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाने ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

पँटोप्राझोलची गोष्ट मात्र या सर्वांपेक्षा निराळी आहे आणि येथे डॉक्टरांचीही गल्लत होते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही औषधे थायरॉक्सिनला धरून ठेवत नाहीत. ती जठरातील आम्ल कमी करतात. थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळण्यासाठी आम्ल लागते, आणि या औषधांचा परिणाम दिवसभर टिकत असल्यामुळे चार तासांचे अंतर ठेवूनही फारसा उपयोग होत नाही. येथे प्रश्न एवढाच विचारायचा की ती गोळी खरोखर हवी आहे का. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या व्यक्तीला पोटातील रक्तस्राव टाळण्यासाठी ती मुद्दाम दिली जाते, त्यामुळे आईंची पित्ताची गोळी तुम्ही आपणहून बंद करू नका. ती चालू ठेवायची असेल, तर टीएसएच पाहून थायरॉक्सिनचा डोस थोडा वाढवणे हाच मार्ग उरतो. जठराला दीर्घकाळ सूज असणे, हेलिकोबॅक्टर या जठरातील जिवाणूचा संसर्ग, सीलिॲक रोग (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा) किंवा वजन घटवण्याची शस्त्रक्रिया यांतही डोस असाच जास्त लागू शकतो.

पित्ताच्या गोळीमुळे आणखी एक व्यावहारिक अडचण उभी राहते. तीही ‘सकाळी उपाशीपोटी’ लिहिलेली असते. हाडे ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा द्यायचे अलेंड्रोनेट, मधुमेहासाठी तोंडाने घ्यायचे सेमाग्लुटाइड, तीही उपाशीपोटीच. यांतील सेमाग्लुटाइडच्या गोळीने तर थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आहे, म्हणजे तेथे धोका उलट दिशेचा आहे. एकाच रिकाम्या पोटावर इतक्या गोळ्यांचा दावा असेल, तर मी थायरॉक्सिन रात्री झोपताना घ्यायला सांगतो. रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तास झालेले असावेत आणि झोपताना दूध, कॅल्शिअम किंवा लोह घेतलेले नसावे, एवढ्या दोन अटी पाळल्या तर रात्रीची वेळ सकाळइतकीच चांगली ठरते. ज्यांच्या घरी साडेनऊला जेवण आणि दहाला झोप असते, त्यांना हा उपाय जमत नाही. त्यांनी सकाळच धरावी.

आता आयएनआरचा आग्रह मी का धरला, ते सांगतो. तुमच्या आईंच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. ॲसिनोकुमॅरॉल आणि वॉरफॅरिन ही औषधे यकृतात रक्त गोठवणारे काही घटक तयार होऊ देत नाहीत. हे घटक शरीरात किती वेगाने नष्ट होतात, हे थायरॉइडच्या पातळीवर अवलंबून असते. पातळी कमी असली की ते हळू नष्ट होतात, रक्तात जास्त काळ टिकतात आणि त्याच गोळीचा परिणाम कमी पडतो. पातळी वाढली की ते वेगाने नष्ट होतात आणि तीच गोळी जास्त परिणाम करते. म्हणजे गेल्या चार महिन्यांत कॅल्शिअममुळे आईंचे थायरॉक्सिन कमी पोहोचले, त्यातून आयएनआर ठरवून दिलेल्या मर्यादेखाली गेला असण्याची शक्यता आहे, आणि कृत्रिम झडपेवर गुठळी होण्याचा धोका तेव्हाच असतो. याउलट, गोळ्यांच्या वेळा सुधारल्यावर पुढील काही आठवड्यांत थायरॉक्सिनची पातळी पूर्ववत होईल आणि आयएनआर वर सरकू लागेल. आज आयएनआर कमी आला म्हणून ॲसिनोकुमॅरॉलचा डोस वाढवला गेला आणि नंतर त्याकडे लक्ष राहिले नाही, तर महिन्या-दीड महिन्याने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून थायरॉक्सिनच्या वेळेत किंवा डोसमध्ये बदल केल्यानंतर टीएसएच स्थिर होईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी आयएनआर करावा, आणि हा बदल हृदयरोगतज्ज्ञांना आधीच कळवावा. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, अंगावर कारण नसताना निळे-काळे डाग पडणे, काळी शौचास होणे, किंवा उलट, अचानक धाप लागणे, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

डोस सरळ १०० केला असता तर काय झाले असते, हेही यातून स्पष्ट होते. काही महिन्यांनी कॅल्शिअमचा कोर्स संपतो, पाकीट बंद होते, आणि १०० मायक्रोग्रॅम पूर्ण शोषले जाऊ लागते. जिची गरज ७५ ची होती, त्या रुग्णाला हे जास्त होते. नाडी वाढते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडे झिजू शकतात, ज्या हाडांसाठी कॅल्शिअम सुरू केले होते तीच, आणि आयएनआर चढतो.

थायरॉक्सिनचा असाच उलट परिणाम आणखी काही औषधांवर होतो. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात थायरॉइडची पातळी सुधारली की डिगॉक्सिन शरीराबाहेर लवकर जाते आणि त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. मधुमेही रुग्णात थायरॉक्सिन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर इन्सुलिनची किंवा गोळ्यांची गरज वाढू शकते, म्हणून त्या काळात साखर अधिक वेळा पाहावी. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचे काम मंद असलेल्या रुग्णात आधी स्टेरॉइड व नंतर थायरॉक्सिन हा क्रम चुकवता येत नाही. तो चुकला तर जिवावर बेतते.

यकृताच्या मार्गाने होणारे परिणाम आपल्या देशात विशेष महत्त्वाचे आहेत, कारण त्यांत टीबीचे औषध येते. रिफॅम्पिसिनमुळे यकृतातील विघटन करणारी विकरे वाढतात आणि थायरॉक्सिन नेहमीपेक्षा वेगाने नष्ट होते. निरोगी थायरॉइड ग्रंथी ही तूट स्वतः भरून काढते, पण जो गोळीवरच अवलंबून आहे त्याला ते शक्य नसते. म्हणून टीबीचे उपचार सुरू झाल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पाहावा आणि गरजेनुसार डोस वाढवावा. विसरली जाते ती नंतरची पायरी: नेहमीचा सहा महिन्यांचा कोर्स संपल्यावर रिफॅम्पिसिनचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो आणि वाढवलेला डोस जास्त ठरू लागतो. टीबी बरा झाल्याच्या आनंदात ही तपासणी राहून जाते, आणि पुढच्या वर्षी रुग्ण धडधड घेऊन येतो.

फिट्ससाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन हीदेखील विघटन वाढवतात. त्यांतील पहिल्या दोहोंबाबत एक सावधगिरी हवी. ती रक्तातील प्रथिनांवरून थायरॉक्सिनला हटवतात, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालात टी-फोर, म्हणजे रक्तातील थायरॉक्सिन, कमी दिसू शकते, पण टीएसएच सामान्य असतो. अशा रुग्णात टीएसएचवर विश्वास ठेवावा. केवळ टी-फोर कमी दिसते म्हणून डोस वाढवू नये. नैराश्यासाठीच्या सर्ट्रॅलिनने आणि कर्करोगावरील इमॅटिनिब, सुनिटिनिब यांसारख्या गोळ्यांनीही काही रुग्णांची गरज वाढते.

स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनचा विचार करावा लागतो. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन, मग ते गर्भनिरोधक गोळीतील असो किंवा रजोनिवृत्तीनंतरचे, यकृतात थायरॉक्सिनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढवते; जास्त संप्रेरक त्या प्रथिनाला चिकटून राहते आणि मोकळे, कामाचे संप्रेरक कमी पडते. त्वचेवर लावायच्या पट्टीतील किंवा जेलमधील इस्ट्रोजेनने हे सहसा घडत नाही.

गरोदरपणात हीच गोष्ट नैसर्गिकरीत्या आणि फार वेगाने घडते. तुमच्या प्रश्नात हा विषय नाही, तरी घरात कोणी थायरॉक्सिन घेणारी तरुण स्त्री असेल तर तिच्यासाठी येथे थांबणे मला आवश्यक वाटते. गर्भधारणा कळताच डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, आणि त्याची सोपी पद्धत म्हणजे आठवड्यात सातऐवजी नऊ गोळ्या घेणे. तपासणी त्यानंतर, पण उशीर न करता. तुमच्या आईंच्या बाबतीत मी थांबा म्हटले, येथे मात्र थांबू नये, कारण पहिल्या तिमाहीत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. आणि दुसऱ्या तिमाहीपासून शासकीय कार्यक्रमानुसार ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक ॲसिडची गोळी आणि दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम कॅल्शिअम सुरू होते. या गोळ्या आवश्यकच आहेत, त्या टाळायच्या नाहीत. पण चहानंतर सगळ्या गोळ्या एकदम गिळून मोकळे होण्याची सवय असलेल्या घरात, गरज वाढलेली असतानाच शोषण घटते. पहाटे थायरॉक्सिन, दुपारच्या व रात्रीच्या जेवणासोबत कॅल्शिअम, आणि त्या दोन जेवणांच्या मधल्या वेळेत लोह व फॉलिक ॲसिडची गोळी, असे वेळापत्रक आशाताईंनी किंवा परिचारिकेने कागदावर लिहून दिले तर पुष्कळ काम होते.

काही औषधे थेट थायरॉइड ग्रंथीवर परिणाम करतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीच्या ॲमिओडॅरॉनच्या वजनात ३७ टक्के आयोडीन असते, आणि २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतून मिळणारे आयोडीन रोजच्या गरजेच्या कित्येक पट असते. त्यातून थायरॉइड मंदही होऊ शकते आणि अतिसक्रियही. शिवाय ते थायरॉक्सिनचे सक्रिय टी-थ्रीमध्ये रूपांतर रोखते आणि बंद केल्यावरही कित्येक महिने शरीरात राहते. झडपेचे रुग्ण पुढे कधी ना कधी या औषधापर्यंत पोहोचू शकतात, म्हणून ते सुरू झाल्यास टीएसएच पाहायची आठवण तुम्ही स्वतः करून द्या. मानसिक आजारासाठी लिथिअम घेणाऱ्यांनाही दर सहा महिन्यांनी टीएसएच लागतो.

शेवटी, आईंच्या पुढच्या तपासणीबद्दल. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनची ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी त्या घेत असतील, तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवावी. बायोटिन थायरॉइडचे काहीही बिघडवत नाही, पण अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीतच बायोटिनचा वापर असल्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटे जास्त दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सूचना दिली होती. त्या दिवशीची थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळीनंतरचे काही तास मोकळे टी-फोर तात्पुरते वाढलेले असते. मधल्या काळात गोळीची कंपनी बदलू नये, आणि बाटलीतील गोळ्या ओलसर स्वयंपाकघरात किंवा उन्हात ठेवू नयेत. सांधेदुखीसाठी मोठ्या डोसचे स्टेरॉइड दिले गेले असेल तर तेही सांगावे, कारण त्याने टीएसएच काही काळ दबतो.

६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पूर्वीच्या मर्यादेत आला, तर ७५ मायक्रोग्रॅमच पुरेसे आहे. तो निम्म्यावर येऊन थोडा वर राहिला, तर उरलेला भाग बहुधा पँटोप्राझोलचा आहे, आणि ती गोळी चालू राहणार असेल तर ८८ मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. झडप बदललेल्या रुग्णात एकदम २५ मायक्रोग्रॅमची उडी मी घेणार नाही. वेळा नीट पाळूनही टीएसएच ९ ते १० च्या आसपासच राहिला, तर शोषण बिघडवणारा पोटाचा किंवा आतड्याचा विकार शोधावा लागेल, आणि त्यासाठी हेलिकोबॅक्टरची व सीलिॲकची तपासणी यांपासून सुरुवात करावी. आईंना या आठवड्यांत फार थकवा, थंडी वाजणे, चेहऱ्यावर सूज किंवा नाडी मंद होणे जाणवू लागले, तर आठ आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे, आणि जाताना घरातील सर्व पाकिटे व बाटल्या, अर्धवट संपलेल्याही, सोबत न्याव्यात.